पुस्तकातला अधिक महिना

बाबा,

शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, वडिलांना पत्र लिहिताना वर 'तीर्थरूप' घालायचं. पण तुला तीर्थरूप म्हटलं असतं तर तू मागे वळून बघितलं असतंस, कोण पाहुणा आला म्हणून! तेव्हा नुसतंच बाबा.

तू गेल्याला आठ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. लिहिणार काय, आणि टाकणार कुठल्या पेटीत? पण आज बसलेच. उद्यापासून अधिक श्रावण लागतोय, बाबा. तू गेलास त्या वर्षी लागला होता, त्यानंतर आत्ता. आणि नेमका काल दादाचा निरोप आला. त्याच्या जहाजावरचा आपल्या गावचा एक खलाशी दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "सदान सांगूक सांगल्यान, पुनवेक येतंय."

कुठल्या पुनवेक रे मेल्या? मी ते विचारेपर्यंत तो माडांच्या पलीकडे गेलासुद्धा.

तेव्हाही हाच निरोप होता. शब्द न् शब्द हाच! रात्रभर तुझी आठवण काढत पडले आणि सकाळी भाकऱ्या आटोपून कागद घेतला.

आधी तुझ्या त्या पुस्तकाची आठवण काढते. रडणार आहेच मी, त्याआधी थोडं हसून घेऊ दे.

तुझा पडाव म्हणजे मोठी होडी, आगबोटीच्या उतारूंना धक्क्यावरून न्यायचा-आणायचा. कुणीतरी उतारू ते जाडजूड पुस्तक त्यात विसरून गेला. पुढे कितीतरी दिवस तू ते ताडपत्रीत गुंडाळून बरोबर नेलंस आणि प्रत्येक बोटीच्या उतारूंना दाखवलंस. कुणाचंच निघालं नाही. मुखपृष्ठ आधीच गेलेलं, म्हणून नाव ठाऊक नाही. शेवटची पानं खाऱ्या पाण्यानं भिजून एकमेकांना चिकटलेली, म्हणून शेवट ठाऊक नाही. मधली गोष्ट तेवढी आपल्या वाट्याला आली.

गोष्ट कुठल्यातरी परमुलखातली. शूर सरदारांच्या कथा वाचून वाचून एका म्हाताऱ्याचं डोकं फिरतं. तो गंजकं चिलखत चढवतो, हडकुळ्या घोड्यावर बसतो आणि लोकांची दुःखं दूर करायला निघतो. बरोबर एक चाकर, तो गाढवावर. लोक त्याची टर उडवतात, त्याला बदडतात, आणि हा पुन्हा उठून उभा!

पावसाळ्यात दर्या बंद. पडाव वर ओढून माडाच्या झापांनी शाकारलेल्या मांगरात ठेवलेला असायचा. तू त्याच्या आडोशाला बसून काथ्या वळायचास आणि मी मोठ्यानं वाचायची. तुला वाचता यायचं, पण एकेक अक्षर लावत, म्हणून ते काम माझं. शेजारची जानकी काकी तांदूळ निवडायला सूप घेऊन तिथेच यायची. म्हाताऱ्याला मार बसला की ती पदर तोंडाला लावून हसायची. तुझं लक्ष मारामाऱ्यांवर नसायचंच. तू बघायचास तो वेळ!

म्हातारा पहिल्यांदा घराबाहेर पडतो तो जुलै महिन्यात, अंग भाजणाऱ्या उन्हात. तू हात थांबवलास.

"जुलै म्हणजे आपलो कोणतो गो?"

"आषाढ."

"आषाढात ऊन? हो लिवणारो खंयचो मेलो!"

तिथपासून तू त्या म्हाताऱ्याला तिथ्या लावायला लागलास. एका ठिकाणी चांदणं पडलेलं होतं. तू म्हणालास, दशमी तरी उलटली असेल. पुढच्याच रात्री त्यांना हात दिसेना एवढा काळोख. तू काथ्या खाली टाकलास. "दशमीच्या मागसून अवस? चंद्रान दांडी मारल्यान काय?" काकी एवढी हसली की सूप कलंडलं.

पुढे तर कहरच झाला. एका पत्रावर ऑगस्टची तारीख येते, आणि बरीच पानं उलटल्यावर ती जोडी समुद्राकाठी पोचते, तर जून! आणि समुद्रात गलबतं!

"जूनात गलबता?" तू उठून उभाच राहिलास. "फुटान जातली ना ती! आणि ऑगस्टाच्या मागसून जून इलो, म्हणजे वरीस सरला. मगे मधलो पावस खंय गेलो?"

मी काय सांगणार? मी तर नुसती वाचणारी. पण त्या पुस्तकात पाऊस असा येतच नाही, हे तू म्हणाल्यावर माझ्या लक्षात आलं. इतकी पानं गेली, पण पेरणी नाही, लावणी नाही, दर्या बंद नाही. नुसता उन्हाळा!

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता तू ओरडलास, "गावला गो बाये! हेणा मधी मधी अधिक म्हयने घातल्यान. येळ कमी पडलो काय घाल एक अधिक म्हयनो. हेच्या बापाचा काय जाता!"

मग आपल्या घरात तोच खेळ झाला. बोट उशिरा आली, अधिक महिना! भात शिजेना, अधिक महिना! मी विहिरीवर गप्पा मारत राहिले की परत आल्यावर तू विचारायचास, "खंय अधिक म्हयनो घातलंस गो?"

एकाच प्रसंगाला तू लेखकाला शिव्या घातल्या नाहीस. म्हातारा कमरेला दोर बांधून एका खोल विवरात उतरतो. वर चाकर आणि वाटाड्या दोर धरून बसतात. वर ओढून काढल्यावर म्हातारा सांगतो, मी खाली तीन दिवस होतो. चाकर म्हणतो, कसले तीन दिवस, तासभर झाला असेल! मला वाटलं, आता तू फुटणार. पण तू हातातल्या काथ्याचा पीळ ओढून बघितलास. मग म्हणालास, "दोघवय खरा बोलतत. खाली काळोखात आसा त्येचो येळ येगळो, वर दोर धरून बसल्याचो येगळो." आणि शेवटी तुझा धंदा बोललाच, "दोर मात्र बरो होतो हां. नायतर खंयचो वर येतलो तो!"

किती हसलो रे तेव्हा! आणि तरी तुझं हसणं अर्धंच होतं, ते मला कळायचं. दादा घरात नव्हता.

त्याला पडाव नको होता, जहाज हवं होतं. आई असती तर तुम्हा दोघांच्या मध्ये उभी राहिली असती. ती नव्हती, आणि माझं कोण ऐकतो? तो घर सोडून निघाला त्या दिवशी तू त्याच्याकडे पाठ करून बोललास. तोंड बघून बोलला असतास तर एवढं कडू बोलवलं नसतं तुला. "येवचा झाला तर नारळी पुनवेक ये. पडावावरचो नारळ तुझ्या हातान दर्याक पडतलो. ता जमणा नसात तर येवच नको!"

नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्याशिवाय आपल्यात कुणी होडी बाहेर काढत नाही. आणि दादाला कळायला लागल्यापासून आपल्या घरचा नारळ त्याच्या हातचा. तू दार बंद केलं नव्हतंस, हे मला ठाऊक आहे. एक दिवस उघडा ठेवला होतास. पण एकच का रे ठेवलास, बाबा? वर्षाचे बाकीचे दिवस काय वाईट होते?

दोन पुनवा आल्या नि गेल्या. तो आला नाही. नारळ तूच टाकलास आणि घरी येऊन न जेवता झोपलास.

तिसऱ्या वर्षी आषाढात तू अंथरूण धरलंस. पाय सुजले, बोलताना दम लागायला लागला. डॉक्टरांनी औषध दिलं, मला ओट्यावर बोलावलं आणि नुसती मान हलवली. त्याच दिवसांत तो निरोप आला, सदा पुनवेक येता म्हणून. काय चेहरा उजळला होता तुझा! "मी पडावापर्यंत चलान जातलंय," म्हणालास. पेज घ्यायला लागलास. मला म्हणालास, पडावाला तेल पाजून ठेवायला सांग. औषधानं नाही, त्या निरोपावर तू जगत होतास. त्याला आधी बोलवायचं तर जहाज कुठल्या बंदरात आहे हे तरी कुणाला माहीत? तार पाठवणार कुठे?

आणि नेमके त्या वर्षी श्रावण दोन. पहिला अधिक, दुसरा खरा. नारळी पुनव दुसऱ्यात. पाडव्याला पंचांग वाचलं तेव्हा तूच म्हणाला होतास की यंदा दर्या महिनाभर उशिरा सुटणार. दुखण्यात ते कुठे वाहून गेलं देव जाणे.

दर्या काही पंचांग वाचत नाही. अधिक श्रावणातच वारा पडला. तू खाटेवर पडल्या पडल्या कान देऊन ऐकायचास. गाज उतरली, ती मलाही कळत होती, तर जन्मभर दर्यावर काढलेल्या तुला कळणार नाही? दर्याची बंदी महिनाभर लांबली होती, घराघरातली सुकी मासळी संपली होती. जानकी काकीच्या घरात तर नुसती पेज आणि मीठ. त्या पौर्णिमेच्या पहाटे काका कुणाला न सांगता लहान होडी घेऊन बाहेर पडले आणि टोपलीभर ताजे पेडवे घेऊन आले. नारळाच्या आधी! काकीनं दार लोटून ते भाजले. पण वासाला कसलं दार?

तू मला हाक मारलीस. "आज पुनव ना गो?"

"होय बाबा. पण ही अधिकातली. नारळी पुनव फुडच्या म्हयन्यात."

तेवढ्यात काकीच तुझ्यासाठी पेज घेऊन आली. तू तिला विचारलंस, "जानकी, पेडवे भाजलंस?"

तिचा चेहरा पडला. गावात कळलं असतं तर मान वर करायची सोय नव्हती. ती पटकन म्हणाली, "नाय ओ भावजी, सुको बांगडो तो."

"सुक्याचो वास माका कळना नाय?" एवढंच म्हणालास. काकी खाली मान घालून निघून गेली. आणि तू वर कौलांकडे बघत, एकेक शब्द दमानं जोडत, हिशेब मांडलास. "दर्यो बसलो. होडये भायर पडले. म्हणजे नारळ पडलो. म्हणजे नारळी पुनव झाली. सदो इलो नाय, आणि तुमी सगळी माका फसवतास."

बाबा, तुझं काय चुकलं होतं? दर्या बसला होता. होडी गेली होती. काकी खोटं बोलली होती. एवढं सगळं बरोबर धरून तू चुकीच्या पुनवेला जाऊन पोचलास!

मी पंचांग आणून तुझ्या डोळ्यांपुढे धरलं. तुला अक्षर दिसत नव्हतं. देवळातल्या भटजींना बोलावून आणलं. त्यांनी बिचाऱ्यांनी खाटेशी बसून अधिक मास समजावला. ते गेल्यावर तू हसलास. कसं हसलास रे! ते हसू मला अजून स्वप्नात दिसतं.

"त्या पुस्तकातल्या म्हाताऱ्याकय सगळी अशीच सांगत. त्येचा मन राखूक," तू म्हणालास. "अधिक म्हयनो पुस्तकात चलता, बाये. माझ्या घरात घालू नको."

मी काकीच्या पाया पडले, खरं सांग म्हटलं. ती रडत आली. गावात नाक कापलं गेलं तरी चालेल म्हणून तुझ्या पायाशी बसून बोलली, "भावजी, चुकलंव आमी. पोटासाठी नारळाच्या आधी गेलंव. पुनव अजून जावची आसा, सदा येतलो." तू डोळेसुद्धा उघडले नाहीस. "हिकाय पढवल्यानी," म्हणालास, आणि भिंतीकडे तोंड केलंस.

मग पेज बंद. औषध बंद. मी पुस्तक आणून विवराचा तो भाग वाचला. तुला आवडायचा म्हणून. तू ऐकत होतास की नाही कोण जाणे. अधिक श्रावणाच्या काळोख्या पंधरवड्यात, भर दुपारी, मी पाणी आणायला वळले आणि तू गेलास.

राग येतो रे मला तुझा! अजून येतो. मुलीचा शब्द खोटा, भटजी खोटे, काकीचे अश्रू खोटे, आणि पेडव्यांचा वास तेवढा खरा? एवढासा विश्वास ठेवला असतास तर काय बिघडलं असतं? आणि राग ओसरला की वाटतं, विश्वास ठेवायचा होता तुला. पण दोन वर्षं वाट बघून तू आतून इतका दमला होतास की तो येणार नाही हेच तुला आधी खरं वाटलं.

आता ऐक. ह्यासाठीच हे पत्र. तो आला होता, बाबा.

खऱ्या नारळी पुनवेला सकाळी, भर पावसात, एस्टीनं आला. गुडघ्यापर्यंत चिखल, एका हातात नारळ, आणि खांद्यावर जहाजावरचा पांढराशुभ्र नवा दोर, तुझ्या पडावासाठी. बाजारात बायका नारळ लढवत होत्या, त्यांचा गलका घरापर्यंत येत होता. तो अंगणातूनच ओरडला, "बाबानु, बघा, येळेर इलंय मा?"

मी दारात उभी. माझ्याकडे बघूनच त्याला कळलं. खांद्यावरचा दोर घसरून चिखलात पडला.

सगळं काकीनंच सांगितलं त्याला, पेडव्यांसकट. तो तिला एका शब्दानं बोलला नाही. धक्क्यावर गेला. पडावात चढला नाही, तिथूनच नारळ सोडला. मला म्हणाला, "मी येळेर इलंय गो बाये. तरी उशीर झालो." दुसऱ्या दिवशी गेला. त्यानंतर आठ वर्षं गावात त्याचं पाऊल नाही. एकही नारळ नाही. तू न बोलावता बसलास आणि तो न येता. बापलेक शोभता खरे!

मधल्या काळात माझं लग्न झालं. लांब गेले नाही, दोन आवाठांच्या, म्हणजे वाड्यांच्या, पलीकडे. तुझा पडाव आता तुझा जावई चालवतो. गोवा मोकळा झाला, दादाचं जहाज आता मुरगावला लागतं, म्हणजे या खेपेला तो हद्दीवरच्या बांद्याकडून येईल. जानकी काकी थकली. तिनं त्या दिवसापासून पेडवे तोंडात घातलेले नाहीत. मी कितीदा म्हटलं, काकी, खा गो. ती मान हलवते. मला तिचा राग नाही उरला. उपाशी माणूस होडी काढणारच.

आणि हो, ते पुस्तक मला वाचनालयात सापडलं, अख्खं, शेवटासकट. उभ्या उभ्या शेवट वाचला. म्हातारा घरी येतो, अंथरुणाला खिळतो, त्याचं वेड उतरतं, आणि सगळी आपली माणसं भोवती असताना शहाणा होऊन मरतो. तू मात्र उलटं केलंस, बाबा. जन्मभर शहाणा राहिलास आणि शेवटच्या पंधरवड्यात वेड्यासारखं केलंस. मी पुस्तक परत ठेवलं आणि बाहेर पायरीवर बसून रडले.

तो विवराचा भाग आता मला दुसराच वाटतो. तू म्हणालास ना, खाली काळोखात असलेल्याचा वेळ वेगळा. तू खाली होतास, तिथे तुझी पुनव होऊन गेली होती. मी वर दोर धरून ओरडत होते की अजून व्हायची आहे. दोघंही खरंच बोलत होतो. फक्त तुला वर ओढायला माझी ताकद कमी पडली.

दादाचा दोर मी त्या दिवशी धुऊन वाळवला. माळ्यावर आहे. पडावाला अजून लावू दिलेला नाही.

तर तुला शब्द देते. या वर्षी पुन्हा दोन श्रावण, आणि कुठल्या पुनवेला ते त्यानं सांगितलेलं नाही. मी दोन्ही पुनवांना सकाळपासून एस्टीच्या थांब्यावर उभी राहीन. पहिल्या पुनवेला आला तर महिनाभर ठेवून घेईन, हलू देणार नाही. त्याला पडावात चढवीन, तो दोर त्याच्याच हातानं बांधून घेईन, आणि नारळ पडला की तुला मोठ्यानं हाक मारून सांगेन, सगळ्या गावासमोर. आणि पहिल्या पुनवेला तो नाही आला, दर्या कितीही बसला, शेजारी कितीही पेडवे भाजले, तरी मी भिंतीकडे तोंड करणार नाही, बाबा. दुसरीची वाट बघेन.

तुझी,
बाये